फौजदाराच्या टाकीत आक्का

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. टेलर मास्तरांच्या संसाराला एकच विघ्न होतं, पण ते वीतभराहून लांब होतं आणि त्याला कल्ले होते.

साठी उलटल्यावर मास्तरांनी एका रिटायर्ड नर्सबाईंशी रजिस्टर लग्न केलं. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मास्तरही तेच म्हणत. लग्नानंतर दुसरं काही म्हणायला त्यांची जीभच वळेना. सिस्टरांकडे एक जुना सकर मासा होता, काळा, खरखरीत, काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा. मासा कसला, मासोळीबाईच, नाव आक्का. आणि मास्तरांच्या काचेच्या टाकीत होता ऑस्कर जातीचा दांडगा मासा. त्याचं नाव फौजदार, आणि वागणंही तसंच.

दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्या टाकीला जागा नव्हती. सिस्टरांनी सरळ सांगून टाकलं, "आक्का इथं रमली तर मी राहते. नाही रमली तर मी माझ्या भाड्याच्या खोलीत बरी. रविवारी भेटत जाऊ." लग्न झालेल्या माणसाला रविवारची भेट! मास्तरांना सातही वार हवे होते.

फौजदाराला सोबत आणायचा प्रयत्न मास्तरांनी पूर्वी केला होता. हौसेनं छोटे मासे आणले; संध्याकाळपर्यंत सगळी सोबत पोटात. तेव्हा माशांचा दुकानदार म्हणाला होता, "मास्तर, तोंडात मावतो तो सोबती नव्हे, तो नाश्ता." त्या हिशेबानं आक्का बिनतोड होती. अंगानं फौजदाराएवढी, पाठीवर चिलखत, आणि वावर तळाशी. पण तिला पाण्यात सोडायचा अवकाश, फौजदारानं अशी धडक मारली की सिस्टरांनी जाळी घालून तिला बाहेर काढलं आणि बादलीत ठेवलं.

"माझ्या माशाला इथं एक कोपरासुद्धा नाही," त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

ते तडक दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "त्याची काय चूक? टाकीतला दगड न् दगड त्याचा. आधी त्याला बाहेर काढा. मग आतलं सगळं हलवा. आक्काला आधी सोडा, जरा स्थिरावू द्या, आणि त्याला शेवटी. म्हणजे घर दोघांनाही नवं."

मास्तरांच्या जिवावर आलं. तो सपाट दगड, ते लाकूड, सगळं त्यांनी स्वतः मन लावून मांडलेलं. पण रविवार आठवला आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. सिस्टरांनीही पदर खोचला. फौजदार दुसऱ्या बादलीत गेला, डावीकडचं उजवीकडे गेलं, दोघंही नखशिखांत भिजले आणि उगाचच हसत सुटले. आक्का लाकडाखाली शिरून बसली. मग फौजदाराला सोडलं. त्यानं एक चक्कर मारली, इकडेतिकडे पाहिलं, तळाशी गेला आणि कुशीवर आडवा झाला.

"गेला!" मास्तरांनी काचेवर टकटक केलं.

सिस्टरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहत त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली. "श्वास उत्तम आहे. पण मला हे लक्षण कळत नाही."

फोनवर दुकानदार पोट धरून हसला. "रुसलाय हो तो! ऑस्कर असाच रुसतो. अजिबात लक्ष देऊ नका."

लक्ष न देणं हे महाकठीण काम. दोघं टाकीकडे पाठ करून बसले आणि आळीपाळीनं मान वळवत राहिले. जेवणाच्या वेळी सिस्टरांनी कोळंबी टाकली. फौजदार कुशीवरूनच एक डोळा फिरवून बघत होता. मग उठला, मान राखून दोन घास खाल्ले. खाली सांडलेलं आक्कानं उचललं. त्यानं पाहिलं आणि सोडून दिलं.

"रमली!" सिस्टरांनी टाळी वाजवली, धावत जाऊन दाराजवळची आपली बॅग उचलली, आणि खोलीच्या मधोमध थांबल्या. बॅग ठेवायची कुठं? खिडकीशी मास्तरांचं कटिंगचं टेबल, दाराशी मास्तरांचं मशीन, कपाटभर मास्तरांचे कपडे. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी टेबलाला खांदा लावला.

"अहो, कंबर जाईल!"

"सगळं हलवायचं, सिस्टर."

सिस्टरांनी पुन्हा पदर खोचला. मग म्हणाल्या, "तसं असेल तर पद्धतशीर करू. आधी तुम्ही बाहेर व्हा."

मास्तर जिन्यात जाऊन बसले. मधे एकदा टेबल ढकलायला आत बोलावणं आलं, तेही डोळे मिटून. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली उतरत होत्या. "काय मास्तर, लग्नाच्या आठवड्यातच बाहेर काढलं?"

"काढलं!" मास्तर छाती फुगवून म्हणाले.

आत बराच वेळ सरकवासरकवी चालली. शेवटी दार उघडलं. मास्तर आत आले आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे उभे राहिले. खिडकी रिकामी होती, उजेड थेट भिंतीपर्यंत आला होता. त्यांना इतका आनंद झाला की काही सुचेना.

"मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

सिस्टर घाम पुसत हसल्या. "मला काय विचारता? मीसुद्धा आत्ताच आलेय."

मग दोघंही त्या उजेडात खाली जमिनीवरच बसले.