एकेचाळिसाव्या पानावर लग्न

माझी मावशी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात हलक्याफुलक्या, हसवणाऱ्या प्रेमकादंबऱ्या लिहिते. प्रकरण जमलंय की नाही हे ठरवायची तिची पद्धत एकच. छापील पानं ती वेटिंग रूममधल्या जुन्या मासिकांत सरकवून ठेवते. डॉक्टरांनी आत बोलावल्यावर गाल धरून बसलेला माणूस म्हणाला, "एक मिनिट हं, एवढं पान संपवतो," की प्रकरण पास.

या वेळी अख्खी कादंबरी तिने आधी मला वाचायला दिली. मी नुकतीच शाळेच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते आणि दिसेल त्या गोष्टीवर मत देत सुटले होते. एकशे ऐंशी पानं मी एका बैठकीत वाचली, जेवायचं विसरले, दोनदा उशीत तोंड खुपसून हसले. मग लाल पेन काढलं.

"मावशी, नायक स्वतःच्या बहिणीला मिठी मारतो, नायिका लांबून बघते आणि एकशे वीस पानं रडते? 'ही कोण रे तुझी' विचारायचं ना! चार शब्द!"

"मानी आहे ती."

"मानी कसली, मठ्ठ आहे! आणि जनावरांची डॉक्टर ना ती? पुस्तकभर एक मांजरसुद्धा तपासत नाही. सदानकदा गच्चीवर केस वाळवत उभी."

"अगं, वाचकांना आवडतं ते."

"तो तिला तीनदा धडकतो. एकदा डोळे तपासून घे म्हणावं!"

मावशी हसली, पण चेहरा पडला होता तिचा. "खरंय बये. मलाच कधीकधी लाज वाटते. कर तुला हवं ते."

मी केलं. अडतिसाव्या पानावर नायिका सरळ जाऊन चार शब्द विचारते, तो म्हणतो, "सख्खी बहीण," आणि एकेचाळिसाव्या पानावर लग्न. कुठे म्हणून फट ठेवली नाही.

गुरुवारी शाळेतून थेट दवाखान्यात गेले आणि निकाल ऐकायला कोपऱ्यात बसले. सुजल्या गालाच्या एका काकांनी पानं चाळली, हाक आल्याबरोबर मिटली आणि उठले. मग एक काकू शेवटपर्यंत पोचल्या. "शहाणी आहेत हो दोघं. बरं झालं," असं म्हणून शांतपणे आत गेल्या. रूट कॅनॉलला!

तेवढ्यात प्रकाशकांचा फोन. शनिवारी पुस्तक हातात हवं, नाहीतर या वर्षीच्या पुस्तकांच्या यादीतली जागा दुसऱ्या लेखिकेला, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"बाई, पानं किती झाली?"

"एकेचाळीस," मावशी पुटपुटली.

"एकेचाळीस पानांचं पुस्तक नसतं बाई, लग्नपत्रिका असते!"

मावशीने फोन ठेवला. मी म्हटलं, "जुनंच दे ना. आहे की तुझ्याकडे."

"कसं देऊ? वाचायला घेतलं की तुझंच बोलणं ऐकू येतं. मठ्ठ, मठ्ठ. आता मला ती खरी वाटतच नाही." मग हळूच म्हणाली, "दाढ ठणकत असते ना गं, तेव्हा शहाणी माणसं नको वाटतात. आपल्याहून वेडं कुणीतरी हवं असतं, आणि शेवटी त्याचं भलं व्हायला हवं असतं."

वादविवादात असं कुणी बोललं नव्हतं. मावशीची यादीतली जागा जाणार होती, आणि ती घालवली होती मी.

नखं खाता खाता मी म्हटलं, "मावशी, ती विचारायला जातेच. दर वेळी जाते. पण तोंड उघडलं की तिच्या जनावरांच्या दवाखान्यातून बोलावणं येतं. कुत्र्याने मोजा गिळला. पोपट बोलायचा थांबला."

मावशीने मान वर केली. "म्हैस अडली?"

"अर्ध्या वाक्यात!"

"आणि तो समजतो, आपल्याला टाळतेय!"

पुढचं तिने मला बोलूच दिलं नाही. जुने प्रसंग तसेच ठेवले, फक्त जिथे रडणं होतं तिथे जनावरं घातली. शुक्रवारी वेटिंग रूममध्ये एका बाईंना डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, शेवटी स्वतः बाहेर आले आणि त्यांच्या खांद्यावरून पोपटाचं प्रकरण वाचत उभे राहिले.

शनिवारी आम्ही दोघी प्रकाशकांसमोर बसलो होतो. ते मध्येच खुदकन हसत, लगेच गंभीर होत. शेवटचं पान उलटून त्यांनी चष्मा काढला.

"छान आहे. पण बाई, हा नायक पोटापाण्यासाठी करतो काय?"

मी मावशीकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे. लाल पेन घेऊन दोनदा वाचलेलं पुस्तक, आणि हे मला सुचलंच नव्हतं!

"देखणा आहे तो," मावशी म्हणाली.

प्रकाशकांनी क्षणभर विचार केला. "बरं," म्हणाले आणि गठ्ठा छपाईच्या ट्रेमध्ये टाकला.