परत आलेलं प्रस्थान

निकिताला गप्प बसवायचं असेल तर तिच्या तोंडात लाडू कोंबावा लागतो, असं तिचे बाबा गल्लीभर सांगत फिरायचे. सांगताना तोंडावर कौतुक असायचं. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायची. मग आठवीत कुणीतरी तिचं नाव वक्तृत्व स्पर्धेत टाकलं आणि ती तालुक्यात दुसरी आली. तेव्हापासून जी सुटली ती सुटलीच. पाहुणे, मास्तर, भाजीवाली, तिच्यासमोर कुणाचीच डाळ शिजेना.

सहलीची टूमही तिचीच. शाळेच्या वाचनालयात एका मासिकात तिला एक चित्र दिसलं होतं. अमेरिकेत डोंगराच्या कपारीत हजार वर्षांपूर्वी बांधलेली ओसाड घरं होती आणि ती बघायला माणसं चक्क चाकांवरच्या घरातून आली होती. गाडीतच पलंग, गाडीतच चूल. तिनं ते मासिक बाबांच्या ताटाशेजारी आपटलं.

"आपण असं जायचं."

तिचे बाबा, खंडेराव, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर. पत्र्याचं काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं. "कपारीतली घरं तर आपल्याकडे आहेत की. पितळखोऱ्याला. बावीसशे वर्षांपूर्वीची. लग्नाआधी मी कन्नडहून सायकलनं गेलो होतो. हत्तींची रांग आहे तिथं, दगडात. अर्धी पडलीय, तरी काय रुबाब." मग त्यांनी खाली मान घालून भाकरी मोडली. "जाऊ या. याच दिवाळीत जाऊ."

शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली एक जुनी मॅटाडोर त्यांनी गणपतीत घरी आणली. कारखान्याच्या बसमधून उतरले की रोज दोन तास तिच्यात. सीट काढून दोन फळ्यांचा पलंग केला, वीस लिटरची टाकी बसवली, गॅसचा छोटा सिलिंडर पट्ट्यानं आवळला. निकिताच्या आईनं, आशाबाईंनी, जुन्या साडीचे पडदे शिवले. सिडकोतली गल्ली रोज येऊन विचारायची, "काय खंडेराव, सर्कस कुठं निघाली?"

"तुमच्या गावाला. वाघ कमी पडतोय, येता का?" बाबांच्या आधी निकिताच उत्तर द्यायची.

तिनं कार्डशीटवर नकाशा काढला होता. ओझर, चांदवड, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, मग कन्नडचा घाट. कुठं चहा, कुठं मुक्काम, सगळं लाल पेनानं. फक्त एक अडचण निघाली. बाबांना सुट्टी शनिवारपासून, आणि शनिवारी पूर्वेला दिशाशूळ. आशाबाई त्या दिवशी पूर्वेकडे पाऊल टाकायला तयार होईनात. त्यावर तोड त्यांनीच काढली, प्रस्थान ठेवायची. चांगल्या दिवशी प्रवासाला जाणाऱ्याचा कपडा, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एका फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना वाटेत गाठोडं उचललं की झालं. गुरुवारी सकाळी खंडेरावांचा सदरा गाठोड्यात बांधला गेला आणि पूर्वेकडच्या शेवटच्या घरात, अंबूबाईंच्या फडताळात जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी बाबांनी गाडी लिंक रोडला फिरवून बघायला काढली. निकिता त्यांच्या डाव्या हाताला, नकाशा मांडीवर. वळणावर डावीकडून एक दूधवाला सायकलवर येत होता. हँडलला दोन कॅन. चांगला ठळक, पांढरा शर्ट घातलेला माणूस. निकिताला वाटलं, बाबा थांबवतील. बाबा थांबवेनात. ती किंचाळली तेव्हा त्यांनी ब्रेक मारला, पण तोवर दूधवाला रस्त्यावर पडला होता. कोपर सोललं होतं, दूध डांबरावरून वाहत होतं.

"माणसं बघून चालत नाहीत," बाबा म्हणाले. मग ते दूधवाल्याला उठवायला खाली उतरले.

दूधवाल्याचं कोपर बांधायला फडकं हवं म्हणून तिनं हत्यारांची पेटी उघडली. फडक्याखाली डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या होत्या, आणि घडी घातलेला कागद. कागदावर दोन वर्तुळं होती. दोन्ही काळी, मध्ये रुपयाएवढी पांढरी जागा. खाली डॉक्टरांचं अक्षर: काचबिंदू, दोन्ही डोळे. वाहन चालवू नये. तारीख जुलैची.

म्हणजे गाडी घेण्याच्याही आधीची.

परत येऊन गाडी अंगणात लागली तरी ती उतरली नाही. कागद तिनं त्यांच्या समोर धरला, बरोब्बर समोर.

"समोरचं मला सगळं दिसतं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "ती बघ पाटी. अक्षर न् अक्षर वाचून दाखवतो."

"आणि बाजूचं?"

"बाजूचं गेलं. जे गेलं ते येत नाही म्हणतात. उरलेलं किती टिकेल, कुणी सांगत नाही."

"मग ड्रायव्हर घेऊ. दिनेशकाकांना विचारते मी."

"दिनेश माझ्याच खात्यात आहे. का, म्हणून विचारेल. उद्या साहेबाला कळलं तर मला मशीनपाशी कोण उभं करेल? घर कशावर चालतं, माहितीय ना?" त्यांनी कागदाची पहिल्यासारखी घडी केली. "ही एक सहल होऊ दे, निकू. मग चावी तुझ्या आईच्या हातात देतो. ते हत्ती मला एकदा बघायचेत. आता एका वेळी एकच दिसेल. दिसू दे. सावकाश मान फिरवीन."

"बाबा, घाट आहे मध्ये."

"आईला एक शब्द सांगायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ."

त्यांनी तिचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला. दाढीचे खुंट तिच्या बोटांना टोचले.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आईचे शंकरपाळे डब्यात भरून झाले होते. पलंगाच्या फळीवर गोधडी अंथरली होती. आई गाणं गुणगुणत होती, आणि ते निकिताला सर्वांत वाईट वाटलं. उद्या सकाळी सहा वाजता ही बाई त्या फळीवर बसणार. चाळीसगाव सुटलं की घाट, घाटात डाव्या हाताला कधी कडा, कधी दरी, आणि गाडी चालवणाऱ्याला डावी बाजूच दिसत नाही. सांगितलं तर बाबांच्या गळ्याची शपथ मोडते. नाही सांगितलं तर.

ती उठली आणि अंबूबाईंकडे गेली.

"आईनं गाठोडं मागितलंय," ती म्हणाली. "आत्ताच गाडीत ठेवायचंय."

अंबूबाई शेंगा फोडत होत्या. "आत्ता? अगं, ठेवलेलं परस्थान माघारी घरात नेत नाय कुणी. लय वंगाळ असतं ते. उद्या जाता जाता उचला की."

"गाडीतच ठेवते, घरात नाही." निकितानं फडताळ उघडलंसुद्धा होतं.

ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि गाठोडं ओट्यावर, शंकरपाळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. आईचं गाणं थांबलं.

"हे काय?"

"प्रस्थान. परत आणलं."

"का?" आईनं गाठोड्याला हातही लावला नाही. "निघालेला माणूस वाटेतून परत आणलास तू. कळतं का, काय केलंस? तुझ्या बाबांचा सदरा आहे त्यात." आवाज ऐकून खंडेराव दारात आले. मागून धापा टाकत अंबूबाई, हातात शेंगांचं सूप तसंच.

"मी म्हणलं हिला, नेऊ नको. फसवून नेलं बघा. बोलायला शिकली, पण रीतभात शिकली नाय."

"मी जाणार नाही आता," आशाबाई म्हणाल्या. "मोडली सहल."

निकितानं श्वास सोडला. मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठसुद्धा थोपटली. शपथ शाबूत, आई शाबूत, बाबा शाबूत. उद्या गाडी अंगणातच राहणार. शिव्या खाव्या लागतील. खाऊ.

पण बाबा पुढं आले. ओटा चाचपत त्यांनी गाठोडं उचललं आणि चेहऱ्यासमोर धरून पाहिलं.

"मोडायचं कशाला? पोरीची चूक झाली. दुसरं ठेवू. मंगळवारपर्यंत सुट्टी आहे मला. आत्ता नवं बांध, अंबूबाई घेऊन जातील. उद्या नाही तर रविवारी निघू. रविवारी तर शूळही नाही पूर्वेला."

"तेबी खरंच," अंबूबाई म्हणाल्या.

आई विचारात पडली. निकिता तिच्याकडे बघत होती. आईच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत होती.

"पण हिनं आणलं का परत?" आई म्हणाली. "ते कळू दे मला आधी."

"विचारू ना तिलाच," बाबा म्हणाले. त्यांनी समोर पाहिलं, दाराकडे पाहिलं. "कुठं गेली? पळाली वाटतं. निकू! ए निकू!"

निकिता त्यांच्या उजव्या हाताला उभी होती. अगदी जवळ. त्यांच्या सदऱ्याची बाही तिच्या वेणीला लागत होती.

ओ म्हणायला तिचं तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं. तिथून हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती जाणूनबुजून गप्प बसली आणि आईकडे बघत राहिली.

"निकू, बाहेर आहेस का? इकडं ये, कुणी मारत नाही तुला."

अंबूबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. शेंगा फरशीवर पडत गेल्या, कुणी वेचल्या नाहीत. आईनं निकिताकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. पुन्हा निकिताकडे. तिच्या डोळ्यांपुढून काय काय गेलं असेल, ते निकिताला कळत होतं. रोज पलंगाच्या कडेला लागणारा गुडघा. सांडलेला चहा. नळाखाली बादली न ठेवता सोडलेलं पाणी. काल सदऱ्यावर पडलेले दुधाचे शिंतोडे.

आई हलकेच चालत त्यांच्या डाव्या बाजूला गेली. पावलांचा आवाजही होऊ दिला नाही. तिथून तिनं आपला हात त्यांच्या कानाजवळ वर नेला आणि हलवला. बांगड्या दुसऱ्या हातानं घट्ट धरल्या होत्या.

बाबांनी मान वळवली नाही.

"केव्हापासून?" आई म्हणाली.

आवाज भलत्याच बाजूनं आला म्हणून ते दचकले. मग उजवा हात त्यांनी हवेत फिरवला आणि तो निकिताच्या खांद्याला लागला. तसाच राहिला.

"इथंच होतीस होय," ते म्हणाले.

तिनं मान हलवली, आणि मग आठवलं की तेही त्यांना दिसणार नाही.

"मी काही बोलले नाही, बाबा."

"हो. ऐकलं मी."

त्यांनी गाठोडं ओट्यावर ठेवलं. खिशातून मॅटाडोरची चावी काढली आणि आई मघाशी जिथं उभी होती तिथं, समोर, हात लांब करून धरली. तिथं आता कुणी नव्हतं. आई डावीकडे तोंडाला पदर लावून उभी होती, अंबूबाई खाली शेंगांकडे बघत होत्या. चावी बराच वेळ तशीच लोंबत राहिली.

शेवटी ती निकितानं घेतली.