दुसरीच्या कार्डावरचं बाळंतपण

या प्रतिज्ञापत्रातून बाबांना मिळण्यासारखं काहीच नव्हतं, आणि फुकटच्या कामाला ते कधी घराचा उंबरा ओलांडत नसत. तरी आज कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते कचेरीच्या जिन्याखाली, टायपिस्टच्या टेबलाशी सगळ्यांच्या आधी हजर होते. तेव्हाच लेकीला संशय यायला हवा होता. पण तिला मिळणार होता अख्खा देश. एवढं घबाड समोर दिसलं की शेजारी बसलेला काय शिजवतोय तिकडे माणसाचं लक्ष राहत नाही.

इस्पितळात तिला सगळे लिफ्टवाली म्हणत. लिफ्ट अडली की हिला हाक. अडकलेल्यांना बाहेर काढणारी ही बाई स्वतः मात्र जन्मापासून दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली होती. आईबाप इथले, ती जन्मली परदेशात, बाबा तिकडे पंप बसवायच्या कामावर असताना. तिथल्या दवाखान्यात बाळंतपण व्हायचं ते कार्डावर, आणि कामगारांच्या अख्ख्या वसाहतीत कार्ड होतं एकट्या मुकादमाच्या बायकोचं. मग काय, ज्या बाईचे दिवस भरतील तिच्या हातात ते कार्ड. आईच्या आधी दोघी त्यावर मोकळ्या झाल्या होत्या. लेकीच्या जन्मदाखल्यावर त्यामुळे आईबाप लागले ते मुकादम आणि त्याची बायको, दोघंही परक्या देशाचे.

इतकी वर्षं राहण्याचा परवाना वाढवून मिळत होता. यंदा कचेरी म्हणाली, आईबाप इथले असल्याचं सिद्ध करा, नाहीतर चालत्या व्हा. रक्ताची तपासणी जुळली. आता फक्त दाखल्यावर भलती नावं कशी आली, ते लिहून द्यायचं होतं.

टायपिस्टनं कागद काढून वाचला. "'माझी पत्नी अशिक्षित असल्यामुळे तिने नजरचुकीने शेजारणीचे कार्ड दाखवले.' बरोबर ना, काका?"

"अगदी बरोबर."

"कोण अशिक्षित?" लेक उठलीच. "वसाहतीतल्या सगळ्यांची पत्रं आई लिहायची! आजीला जी तुमची पत्रं यायची, त्यांतलं अक्षर कुणाचं होतं, बाबा?"

"हळू बोल. सोसायटीचा अध्यक्ष आहे मी. कार्ड मी आणून दिलं असं लिहू? फसवणूक होते ती."

"झालीच होती!"

"तुझ्यासाठीच केली ना?"

"मग आता माझ्यासाठीच कबूल करा!"

बाबांनी शर्टाची बाही सारखी केली. आई शेजारच्या बाकावर बसली होती. ती टायपिस्टकडे वळून म्हणाली, "कार्डावर तिसरी खेप होती हो. माझी तर पहिलीच. हे दारातून म्हणाले, ओरडू नकोस, बिंग फुटेल. मी उशीचं टोक दातांत धरलं. नर्स म्हणाली, बाईला सवय दिसतेय."

टायपिस्टनं मान खाली घातली. "ताई, खरं टाईप करायला माझी ना नाही. पण मग काकांवर खटला, आणि तो निकाली निघेपर्यंत तुमचा अर्ज पडून. परवाना कधी संपतोय?"

"परवा."

"मग बघा बुवा."

"चालू दे खटला! घालवू देत मला देशाबाहेर!" लेकीनं कागद चुरगळायला घेतला. आईनं तो तिच्या मुठीतून सोडवला आणि मांडीवर सरळ केला.

"आई, वाचलंस तरी का तू?"

"वाचलं. टायपिंगच्या दोन चुका आहेत." तिनं पर्समधून स्वतःचं पेन काढलं.

"अं... मावशी, सही नको," टायपिस्ट चाचरला. "वर अशिक्षित लिहिलंय ना. अंगठा लागेल."

आईनं पेनाचं टोपण परत लावलं. बाबांनी शाईचा डबा तिच्यापुढे सरकवला, शर्टाला लागणार नाही अशा बेतानं.

आत साहेबांनी कागद पाहिला, शिक्का मारला आणि चष्म्यावरून आईकडे बघितलं. "बाई, अहो जरा लक्ष द्यावं. तुमच्यापायी पोर देशोधडीला लागली असती."

"हो साहेब."

"मी तेव्हापासून हेच सांगतोय," बाबा म्हणाले.

लेकीनं दात आवळले. न ओरडण्याचं शिक्षण घरचंच होतं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं? चला, चहा घेऊ." आणि पुढे चालूही लागले.

लेकीला देश मिळाला. बाबांचं नाव शर्टासारखंच राहिलं, कडक, पांढरंशुभ्र. आई कचेरीच्या नळाखाली अंगठा घासत उभी होती. लेकीनं रुमाल पुढे केला, तर ती म्हणाली, "नको गं, तुझा रुमाल खराब होईल."