पांढऱ्याचा पहिला हात

रंगाऱ्याच्या घरात पोर बोलायला लागायच्या आधी एवढं शिकतं, की कोऱ्या भिंतीवर एकदम रंग मारायचा नाही. आधी खरवडायचं, भेगा-खड्ड्यांत लांबी भरायची, घासायचं, मग पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यायचे, ते वाळू द्यायचे, आणि मग रंगाचं नाव काढायचं. आजीनं हे मुलाला शिकवलं, सुनेला शिकवलं आणि आता पाच वर्षांच्या नातीलाही. नातीला घरात मुंगी म्हणत. आजीच्या स्वतःच्या दोन यत्ता झालेल्या, पण गावातल्या निम्म्या भिंती आपल्या हाताखालून गेल्यात असं ती सांगायची, आणि समोरच्यानं मान हलवली नाही तर पुन्हा सांगायची.

सुट्टी लागायच्या दिवशी बालवर्गातून निरोप आला, मुंगीच्या घरून कुणीतरी या. मुलगा परांचीवर होता, सून दुसऱ्या कामावर. आजीनं चपला सरकवल्या नि निघाली. ती दोघं घरी असती तरी तीच निघाली असती.

वर्गात आडवी सुतळी बांधून बाई चिमट्यांनी चित्रं टांगत होत्या. सगळ्यांना छापील कागद एकच, सुट्टीतलं घर, शेजारी झाड, तळ्यात होडी, वर सूर्य. आठवडाभर पोरं मेणाच्या खडूंनी ते रंगवत होती. थोड्या वेळानं आईबाप बघायला येणार होते.

"हे बघा, आजी," बाई आवाज खाली ठेवून म्हणाल्या. "पाच दिवस झाले, हिनं काहीच रंगवलं नाही. कोरा कागद मी टांगू कसा? मला वाटतं, सुट्टीनंतर हिला पुन्हा छोट्या गटात बसवावं."

छोटा गट म्हणजे नाकं गळणारी तीन वर्षांची पोरं. मुंगी कपाटाशी खाली मान घालून उभी होती.

"कोरा?" आजीनं कागद ओढून घेतला. "बाई, चष्मा घरी विसरलात काय?"

"मला चष्मा नाही."

"मग करून घ्या."

ती खिडकीशी गेली. भिंत समोरून बघून कळत नसते. भिंतीला गाल लावून उजेडाच्या रेषेत बघावी लागते. आजीनं कागद डोळ्यांशी आडवा धरला, आणि सगळं चमकलं. घरावर एक हात उभा, त्यावर एक आडवा. होडीला लांबट, सूर्याला गोल गोल. रेघेबाहेर केसभरही नाही. पोरीनं अख्खा पांढरा खडू झिजवला होता.

"प्रायमर आहे," मुंगी पुटपुटली.

बाईंनीही मान वाकडी करून पाहिलं. "अगं बाई! मग मी रोज विचारत होते तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. वाळतंय म्हणून."

आजीची छाती फुगली. "छोट्या गटात बसवतायत! अहो, माझे दोन गडी आहेत, त्यांना ह्या पोरीपाशी शिकायला पाठवावं. मार गं रंग. दाखव बाईंना."

मुंगीनं लाल खडू छपरावर ओढला. खडू घसरला. तिनं दाबून ओढला, तर नुसते लाल कण उठले, छपराला काही लागेना. निळा घेतला, तोही फाटका नि मळका उमटला.

"आजी, धरत नाही."

हे दोन शब्द आजीनं कुणाकडून ऐकून घेतले नव्हते. रंग धरला नाही की दोष अस्तराचा, आणि अस्तर तिचं. लग्न होऊन आली तेव्हापासून खरवडणं, लांबी, प्रायमर तिच्याकडे, आणि रंगाचा हात नवऱ्याचा. लोक येत, रंग बघत, नवऱ्याची पाठ थोपटत. रंग काय, कुणीही फासतं, असं ती तेव्हापासून म्हणत आली, आणि तेच तिनं पोरीच्या कानात भरलं. खडू कशाचा आहे एवढंही विचारलं नव्हतं.

मुंगीनं खडू खाली ठेवला. "माझा हात वाईट लागला?"

दारात दोन-तीन पोरांच्या आया येऊन उभ्या होत्या. आजीच्या घरात चूक नेहमी दमट हवेची असायची, दुकानदाराची, फार तर सुनेची.

"तुझा हात माझ्यापेक्षा बरा," ती म्हणाली. मग घसा खाकरून, दारापर्यंत ऐकू जाईल अशी, "चूक माझी. भिंतीचं कागदाला लावलं मी. मेणावर मेण बसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं."

मुंगी तिच्याकडे बघत राहिली, पायाखालची परांची हलावी तशी.

"एक कागद शिल्लक आहे," बाई म्हणाल्या. "नवीन देऊ?"

"मला काय विचारता? काम तिचं आहे."

मुंगीनं बराच विचार केला. "हाच टांगा. पण खिडकीपाशी."

बाईंनी सुतळीच्या टोकाला, उजेडात, तो टांगला. आजी शेजारी उभी राहिली, आणि जो येईल त्याला मान वाकडी करायला लावली. "समोरून नाही हो! बाजूनं बघा, बाजूनं."

"आणि छोट्या गटाचं काय ठरलं?" तिनं निघताना विचारलं.

"कसला छोटा गट?" बाई म्हणाल्या, आणि शिल्लक कागद मुंगीच्या हातात दिला.

घरी येऊन मुंगीनं तो जमिनीवर पसरला. "आजी, ह्याला आधी काय द्यायचं?"

'पांढऱ्याचा' आजीच्या जिभेवर आलं. ते तिनं गिळलं. "तूच सांग."

मुंगीनं लाल खडू काढला आणि तिच्या हातात ठेवला. "छप्पर तू मार."

चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या बोटांना तो एवढासा खडू धरता येईना. पहिल्याच हाताला लाल रंग छपराबाहेर गेला.

"हळू, आजी," मुंगी म्हणाली.

आणि आजी, उलट न बोलता, हळू झाली.