सरांचा काळा

तिने नखाने हलकेच टोकरलं आणि काळ्या लेपाचा एक पोपडा सरळ तळहातावर आला. भट्टीत लाल होऊन निघालेल्या दोन प्लेटा टेबलावर निवत पडल्या होत्या. एकीवर बाजारातला रंग होता, दुसरीवर सरांचा काळा. बाजारातला पार राखाडी पडला होता, पण जागचा हलला नव्हता. सरांचा मात्र कडेकडेने सोलून निघत होता.

ती मटकन खुर्चीत बसली. कित्येक आठवडे हेच चाललं होतं. तापवा, निववा, मोजा, पुन्हा तापवा. निर्वात पेटीत तापलेली प्लेट किती उष्णता बाहेर टाकते, हे मोजायचा प्रयोग होता. त्यासाठी हात न राखता उष्णता टाकणारा आणि तेवढ्या आचेत तगणारा लेप हवा होता. कुठला घ्यायचा, हे विभागप्रमुखांना आजच हवं होतं.

सर पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांचा काळा आज नापास झाला, तर पुन्हा कोणी तो करणार नव्हतं, कारण कृती त्यांच्या डोक्यात होती आणि तिथून ती त्यांनी कधी कुणाच्या हाती लागू दिली नव्हती. पाठीमागे सगळे त्यांना काजळीसर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

तिने पोपडा उलटा केला. खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. धातू आधी वाळूच्या माऱ्याने खरबरीत करायचा, मगच लेप लावायचा, हा धडा या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सर पहिल्याच दिवशी देत. गुळगुळीत भिंतीला गिलावा धरत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या प्लेटवर वाळू लागलीच नव्हती. आणि ही प्लेट सरांनी स्वतः केली होती, तिला जवळही फिरकू न देता.

लेपात खोट नव्हती. सर विसरले होते.

हल्ली संध्याकाळी तिला सरांच्या घरून काकूंचा फोन येई. "हे निघाले की मला कळव गं," एवढंच त्या म्हणत. का, हे तिने विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आता लेपाला नावं ठेवावीत, तर सरांचं उभं आयुष्य पाण्यात. खरं बोलावं, तर त्यांचं दुखणं चव्हाट्यावर. इकडे आड, तिकडे विहीर.

दार उघडून विभागप्रमुख आत आले, मागोमाग सर.

"काय म्हणतोय आमचा काळा?" सरांनी विचारलं.

प्रमुखांनी प्लेट उचलून पाहिली. "हा तर सुटला. मग बाजारातलाच घेऊन टाकू."

"लेप चांगला आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे. प्लेट मी तयार केली होती. वाळू मारायची राहून गेली."

"इतकी वर्षं काम करताय तुम्ही इथे," प्रमुख म्हणाले.

"हो. चुकलंच."

सरांनी तिच्या हातातला पोपडा घेतला, उलटा केला आणि त्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग ते तिच्यावर उखडले, अगदी पूर्वीसारखे. वाळू केवढी बारीक घ्यायची, मारा कुठून कसा द्यायचा, नंतर प्लेटला उघडं बोट का लावायचं नाही, सगळं खडान्‌खडा. एक पायरी सुटली नाही. स्वतःच्या केसांत पांढरं डोकावू लागलेलं असताना ती शाळकरी पोरीसारखी खाली मान घालून ऐकत होती, आणि तिला बरंही वाटत होतं, रडूही येत होतं.

"बरं, आणखी एक प्लेट करून बघा," प्रमुख म्हणाले. "तोवर निर्णय थांबवतो मी." ते निघून गेले.

सरांनी स्टूल ओढलं आणि भिंतीला टेकून बसले. सगळा आवेश ओसरला होता.

"प्लेट तू केली होतीस?"

"हो, सर."

"हं." त्यांनी पोपडा टेबलावर ठेवला. "भांडं घे. काळा कालवायचाय. मी हात लावणार नाही. मी सांगतो, तू कर."

आजवर कालवताना ते दाराला आतून कडी लावून घेत. ती जागची हलली नाही.

"उद्या सकाळी करू ना, सर. दमलात तुम्ही. काकूही वाट बघत असतील."

सरांनी मान हलवली.

"आजच करू, पोरी. आज मला आठवतंय."