बुळबुळ

"ताई, बघा तरी कसं लखलखतंय!" माळीमामांनी छाती फुगवून पहिल्या वाफ्याकडे हात केला, आणि ती झटकन वाफ्यावर वाकली.

पंपघरामागे शेजारी शेजारी दोन लांबट वाफे होते. आत खडी, खडीत पाणकणसाचं उंच गवत. वरच्या वस्तीचं सांडपाणी थोडंथोडं तळ्यात झिरपायचं. तळ्याचं ते पाणी वाफ्यांतून सावकाश पुढे सरकताना निवळायचं, मग गाळणी, मग क्लोरीन. तपासणी तिच्याकडे. सलग तीन आठवडे नमुना पास झाला तर पाणी गावाच्या टाकीत, नाहीतर वाफे बुजवायचे, असं पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी ठणकावलं होतं. "गवत कसलं पाणी साफ करतंय? खडीतून गाळलं जातं, एवढंच!" आज तिसरा आठवडा. त्याच टाकीचं पाणी तिच्या घरी यायचं, आणि घरी तिची आठ महिन्यांची लेक चिमणी नुकतीच वाटीला तोंड लावायला शिकली होती.

"मामा, खडीवरची बुळबुळ कुठे गेली?"

"घासली की! साहेब येणार ना. दोन दिवस दगड न् दगड ब्रशने घासला. कणसंसुद्धा रांगेत लावली."

"अहो, ती बुळबुळच तर पाणी साफ करते! त्यातले जिवाणू घाण खातात."

मामांचा चेहरा उतरला. "मी आपला घाण काढायचाच पगार घेतो, ताई."

"आणि दुसरा वाफा?"

"तो राहिला. पाठ धरली."

"तुमच्या पाठीला दंडवत, मामा!"

तेवढ्यात साहेबांची गाडी फाटकात शिरली. पहिल्याचा नळ बंद करून गप्प राहावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण उद्या हेच पाणी कुणाच्या तरी लेकराच्या तोंडी जायचं. तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे नापास," साहेब म्हणाले.

"दोन्ही वाफ्यांचं पाणी वेगवेगळं तपासते. दहा मिनिटं द्या."

दोन नळ्या, दोन्हींत तपासणीच्या औषधाचे सारखेच थेंब. सांडपाण्याचा अंश असेल तर पाणी हिरवं होणार, नसेल तर पिवळं राहणार. पाचव्या मिनिटाला पहिली नळी हिरवट झाली. मामांनी डोळे मिटून घेतले. दुसरी पिवळी. सात मिनिटं, पिवळी. दहा, अजून पिवळी! तिला उडी मारावीशी वाटली, आणि तिने ती मारलीच.

"खडी तीच, कणीस तेच, पाणी तेच," साहेब दोन्ही नळ्या उजेडात धरून पुटपुटले. "मग फरक कशाचा?"

"बुळबुळीचा!" मामा आणि ती एकदमच ओरडले.

साहेब चक्क हसले. "दुसऱ्याचं पाणी आजच सोडा. पहिल्यात पुन्हा बुळबुळ धरली की त्याचंही. आणि मामांना तिथे फिरकू देऊ नका."

तिने धावत जाऊन चाक फिरवलं. पाणी खळाळत टाकीकडे निघालं. तिने लगेच सासूबाईंना फोन लावला.

"आई, पास! आपल्या नळाला येतंय! काय? ...छे छे, चिमणीला उकळूनच द्या हं."