यंत्रातला केस

भूकंप आपले केस अंगाच्या साबणाने धुतो, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ढगवाल्या बाईंना चहा गेला नाही.

"अंगाच्या?" त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"हो," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "हातात असतोच ना तेव्हा. तोच डोक्यावरूनही फिरवतो."

आणि केस कसे? कमरेच्या खाली गेलेले, दाट, काळेभोर. इकडे बाई रात्री तेल, सकाळी अंडं, सुट्टीच्या दिवशी आणखी कसलातरी लेप थापून दुपारपर्यंत घरभर भुतासारख्या हिंडायच्या, आणि एवढं करून कंगव्यात रोज एक पुंजका यायचाच. बाईंनी कप बशीत ठेवला आणि "छान हो, छान," म्हणून त्या उठल्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

भूकंप हे अर्थातच टोपणनाव. याच वर्षी रुजू झालेला तो जमिनीच्या हादऱ्यांचा अभ्यास करायचा म्हणून वेधशाळेतल्या लोकांनी त्याला ते चिकटवलं होतं. एरवी पोरगा असा, की दार जरा जोरात लागलं तर दाराचीच माफी मागेल. बाई ढगांवर काम करायच्या म्हणून त्या ढगवाल्या बाई. त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

केशसंभार मंडळ बाईंनीच काढलेलं. फार वर्षांपूर्वी एका परिषदेत कुणा पाहुण्याने त्यांची लांबसडक वेणी पाहून विचारलं होतं, "आपले मिस्टर कुठल्या विभागात आहेत?" तेव्हा बाई हसल्या, परत आल्या आणि रागाच्या भरात त्यांनी मंडळच स्थापन करून टाकलं. सभासद व्हायला दोनच अटी: केस खांद्याखाली हवेत आणि नावावर छापून आलेला एक तरी शोधनिबंध हवा. बाई असो की बुवा, मंडळाला फरक पडत नव्हता. वेधशाळेच्या प्रमुखांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणून त्यांना मानद सभासद करून घेतलं होतं.

मंडळाचा सगळा मान होता चहाच्या खोलीतल्या एका जुन्या यंत्रात. हवेतला दमटपणा मोजायचं ते यंत्र माणसाच्या केसावर चालायचं. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्या ओढीवर काटा फिरतो. दरवर्षी सभासदांचे केस मोजायचे आणि ज्याचे सगळ्यांत लांब, त्याचा एक केस यंत्रात बसवायचा. खाली त्याच्या नावाची चिठ्ठी. मंडळ निघाल्यापासून त्या चिठ्ठीवर बाईंखेरीज दुसरं नाव आलं नव्हतं.

एवढ्याशा चिठ्ठीचं काय ते कौतुक, असं कुणी म्हणेल. पण त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आज प्रमुख होता. खिडकीची खोली दुसऱ्याला गेली होती. ढगांचं कामसुद्धा कुणाच्या तरी मोठ्या कामाचं शेपूट होऊन बसलं होतं. मात्र चहाला येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या केसाकडे बघायचा आणि मग हवेबद्दल बोलायचा. वेधशाळेत पहिलं म्हणावं असं बाईंकडे आता तेवढंच उरलं होतं, आणि त्यावर या साबणवाल्याचा डोळा नव्हता हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

मोजणी जवळ आली तशी बाईंनी दूरच्या बाजारात जाऊन वेणीत गुंफायचं एक गंगावन आणलं. "अस्सल केसांचं आहे, ताई. हात लावून बघा," दुकानदार म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निरीक्षणांवर शंका घेतलेल्या बाईंनी हात लावला आणि मान डोलावली.

घरी नवऱ्याला ते खुर्चीवर सापडलं. नवरा दातांचा डॉक्टर, डोक्याने प्रमुखांच्या जातकुळीतला.

"हे शेपूट कुणाचं?"

"ठेवा ते खाली."

"त्या पोराच्या केसांवर जळतेस होय?"

"मी कशाला जळू? मला त्याचं कौतुकच आहे."

"असू दे. पण कौतुक करताना दात खाऊ नकोस," नवरा म्हणाला. "झिजतात."

मोजणीच्या दिवशी मंडळाची सचिव टेप घेऊन उभी राहिली. ही प्रयोगशाळेतली रसायनवाली, हिशेबाला पक्की. भूकंपाने केस सोडले तेव्हा खोलीत "अहाहा" झालं. बाईही अहाहा म्हणाल्या, पण ओठांतल्या ओठांत. मग त्या स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या. एरवी अंबाड्यात गुंडाळलेली वेणी भूकंपाच्या केसांपेक्षा बोटभर जास्त भरली.

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या भूकंपाने. बाईंनी त्याचा चेहरा नीट निरखला. कुठे वाईट वाटल्याची एखादी रेघ दिसते का, ओठ जरा तरी आवळले का? काहीच नाही! मेला मनापासून हसत होता. जिंकूनही बाईंना कुणीतरी हातातला घास काढून घेतल्यासारखं झालं.

तेवढ्यात रसायनवालीने वेणीच्या टोकाशी हात घालून एक केस ओढून काढला. दरवर्षी या क्षणी बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. या खेपेला दुखलंच नाही. वेणीच्या टोकाला त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. असू दे, त्यांनी मनाची समजूत घातली. केसच आहे ना? कुणाचा का असेना, चालेल.

मंडळाचा आणखी एक रिवाज होता. जो दुसरा येईल त्यानेच पहिल्याचा केस यंत्रात बसवायचा, म्हणजे त्याच्या पोटातली जळजळ हाताच्या कामात जिरते. भूकंपाने तो केस दोन बोटांत धरला, स्पिरिटने पुसला, जरा वेळ उजेडात पाहिला आणि बसवला.

पुढच्याच आठवड्यात धुकं उतरलं. खिडक्यांवरून पाणी ओघळायला लागलं, कागद मऊ पडले, बिस्किटांचा पार लगदा झाला. काटा मात्र ढिम्म. बाहेर समोरचं झाड दिसेना आणि यंत्र म्हणत होतं, हवा कोरडी आहे.

"काय बाई," प्रमुख हसत म्हणाले, "तुमचा केस संपावर गेला की काय?"

सगळे हसले, बाईही हसल्या. घरी जाऊन त्यांनी गंगावनातला एक केस उपटला आणि काडी ओढली. खरा केस जळाला की घाण वास येतो, राख होते. हा वितळला आणि टोकाला काळा मणी धरून बसला. बाईंनी दुकानदाराचा आधी मनात आणि मग मोठ्याने उद्धार केला. मग त्यांना आठवलं. भूकंपाने तो धागा बोटांत धरून पाहिला होता. त्याला कळलंच असणार. आता तो सगळ्यांना सांगणार, तेही त्या हळू आवाजात, बाईंची माफी मागत मागत. त्या रात्री बाईंनी त्याचा आगाऊच पोटभर राग करून घेतला.

सकाळी वेधशाळेत कुणी यायच्या आत तो धागा काढून टाकायचा म्हणून त्या गेल्या, तर काटा दमट हवेच्या टोकाला जाऊन टेकला होता. यंत्रात वेगळाच केस होता. जाड, काळाभोर, तजेलदार. कुणाचा ते विचारायलाच नको. आणि खाली चिठ्ठीवर नाव बाईंचंच.

त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. केस आहेत, वय आहे, आणि आता वर मनाचा मोठेपणाही यालाच! चारचौघांत फजिती झाली असती तर परवडली असती. निदान रडून मोकळं होता आलं असतं. त्यांनी चिठ्ठी टराटरा फाडली आणि नव्या चिठ्ठीवर लिहिलं, भूकंप.

तो आला तेव्हा त्याचे केस ओलेच होते.

"हे काय, बाई?"

"तुझा केस, तुझं नाव. मला दान नको कुणाचं."

"पण माझा नाहीये तो."

"मग कुणाचा?"

"तुमचाच." त्याने यंत्राखालचा खण ओढला. उतरवलेले जुने केस वर्षावर्षाच्या पाकिटांत घालून तिथे ठेवलेले असायचे. "पहिल्या वर्षीचा आहे. काल तुम्ही गेल्यावर आधी मी माझा लावून पाहिला होता, खोटं कशाला बोलू? पण माझा आळशी निघाला, काटा हलवायलाच तयार नाही. साबणामुळे असेल. मग हा लावला, तर काय पळतोय बघा."

"आणि बाकीच्यांना काय सांगितलंस?"

"केस तुटला, दुसरा बसवला. एवढंच."

बाई यंत्राच्या जवळ गेल्या. त्यांनी चष्मा लावून तो केस वरपासून खालपर्यंत पाहिला. हा डोक्यावर होता तेव्हा त्यांनी त्याला कधी पाहिलं होतं? एका हाताने वेणी घालायची, दुसऱ्या हाताने कागद आवरायचे आणि पळायचं, एवढंच आठवत होतं. तेव्हाच्या त्या बाईला कुणाचा हेवा करायला सवड नव्हती. तिला तशी गरजच पडली नव्हती. लोक काय तो करायचे तिचा हेवा.

मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वेणी सोडली, गंगावन काढलं आणि खणात टाकलं. उरलेले केस पाठीच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हते. भूकंप आढ्याकडे बघत राहिला.

"चिठ्ठीवर तुझंच नाव राहू दे," बाई म्हणाल्या. "मोजणीत पहिला तूच."

"पण केस तुमचा आहे ना."

"माझा नाही रे, तिचा आहे तो," बाई म्हणाल्या. काट्यावरून त्यांची नजर काही हलेना. "आणि तुझ्यावर जळायचं मी आजपासून बंद केलं. आता माझं तिच्याशी आहे."